उघडी सोंगटी : बॅकगॅमनमधल्या धाडसाचा आणि सावधपणाचा इतिहास



खेळाच्या इतिहासावर व्याख्यान म्हटलं की दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक, हा खेळ कुठे जन्मला. दुसरी, यातले मोठे खेळाडू कोण. या दोन्ही गोष्टी आज ओघात येतीलच, पण आमचा विषय वेगळा आहे. फासे पडलेले आहेत, दान समोर आहे, आणि त्या दानाच्या दोन चाली होतात. एकीत आपल्या सगळ्या सोंगट्या झाकलेल्या राहतात. दुसरीत एक सोंगटी उघड्यावर जाते, पण वाचली तर मोठं काम करते. कुठली चाल खेळायची? बॅकगॅमन खेळणाऱ्या माणसाला एका बैठकीत हा प्रश्न पाच-पन्नास वेळा पडतो. या प्रश्नाला माणसांनी वेळोवेळी काय उत्तरं दिली, आणि ती उत्तरं का बदलली, हे आपण बघणार आहोत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाट चुकायला नको. शेकडो वर्षं माणसांनी या खेळात फासे लक्षात ठेवले, निकाल लक्षात ठेवला, आणि मधली निवड विसरून गेली. निवड आणि निकाल या दोन गोष्टी सुट्या करायला शिकणं, हाच या प्रश्नाचा खरा इतिहास आहे.

आता पट डोळ्यांसमोर आणू. आपल्याकडे सारीपाट खेळलेले लोक अजून भेटतात; त्यांना हे लवकर उमगेल. सारीपाटाचा पट अधिक चिन्हासारखा, चार पट्ट्यांचा. बॅकगॅमनचा पट चौकोनी, त्यावर २४ लांबट त्रिकोणी घरं. खेळाडू दोन, प्रत्येकाच्या सोंगट्या १५, फासे दोन. दोघं एकमेकांच्या उलट दिशेनं चालतात आणि आपल्या सगळ्या सोंगट्या आपल्या बाजूच्या शेवटच्या सहा घरांत आणून मग पटाबाहेर काढतात. त्या सहा घरांना आपण ‘आतला पट’ म्हणू. गंमत अशी की खेळ सुरू होतानाच आपल्या दोन सोंगट्या समोरच्याच्या आतल्या पटात, अगदी शेवटच्या घरात, अडकलेल्या असतात. त्यांना सगळा पट फिरून यायचं असतं.

नियम एकच महत्त्वाचा. एका घरात आपल्या दोन किंवा जास्त सोंगट्या असल्या, तर समोरच्याला तिथे उतरता येत नाही. सारीपाटात अशा जोडीला ‘जुग’ म्हणतात. सोंगटी एकटी असली, तर मात्र ती मारली जाते. मेलेली सोंगटी पटाच्या मधल्या पट्टीवर जाते आणि तिला समोरच्याच्या आतल्या पटातून पुन्हा पहिल्यापासून प्रवास करावा लागतो. ती आत येईपर्यंत बाकी एकही सोंगटी हलवता येत नाही. या एकट्या सोंगटीला आज आपण उघडी सोंगटी म्हणू. सावध खेळणारा तिला टाळतो, धाडसी खेळणारा ती मुद्दाम टाकतो. का टाकतो? कारण नवीन घर बांधायचं तर बहुतेक वेळा आधी एक सोंगटी तिथे न्यावी लागते आणि दुसरी पुढच्या दानाला. दोन्ही एकदम नेणारं दान मागून मिळत नाही.

एवढं पुरे. आता मागे जाऊ.

या खेळाचा पूर्वज रोमन साम्राज्यात ‘ताबुला’ या नावानं खेळला जाई. २४ घरं तशीच, फासे मात्र तीन. पूर्व रोमन सम्राट झेनो हा पाचव्या शतकातला, इ.स. ४९१मध्ये तो वारला. त्याच्या एका डावाची हकिकत अगाथियास नावाच्या कवीनं पुढच्या शतकात ग्रीक भाषेत पद्यात लिहून ठेवली. झेनोला दान पडलं दोन, पाच आणि सहा. सरळ दिसणाऱ्या चाली अडलेल्या होत्या. जी एक चाल उरली ती खेळल्यावर त्याच्या जोड्या फुटल्या आणि आठ सोंगट्या उघड्या पडल्या. अगाथियासनं कुठल्या घरात किती सोंगट्या होत्या हेही नोंदवलं, म्हणून अभ्यासकांना तो पट पुन्हा मांडता आला. अशा तऱ्हेच्या खेळातली मांडणी इतक्या तपशिलानं टिकून राहावी, हे अपूर्वच म्हणायचं.

पण ती कविता काय सांगते बघा. ती दानाबद्दल हळहळते. राजाचं नशीब बघा, असं वाईट दान कुणाला पडू नये, असा तिचा सूर आहे. त्या दानाआधी झेनोनं कोणत्या चाली केल्या, एका दानानं सगळं कोसळावं अशी मांडणी का झाली, हे त्या कवितेत नाही. सम्राटाचं दान अजरामर झालं, त्याच्या आधीच्या निवडी गेल्या. आजही डाव हरलेला माणूस घरी येऊन काय सांगतो? ‘फासेच पडले नाहीत.’ ‘मी अमुक चाल खेळायला नको होती,’ असं म्हणणारा विरळा.

दुसरा मुक्काम इराण. सासानी राजा खुस्रो पहिला, ज्याला आपण नौशेरवान म्हणून ओळखतो, त्याचा काळ इ.स. ५३१ ते ५७९. त्याच्या दरबाराची एक पहलवी कथा आहे. हिंदुस्थानच्या राजानं बुद्धिबळ पाठवलं आणि म्हटलं, हा खेळ कसा खेळतात ते ओळखून दाखवा. वजीर बुझुर्गमिहरनं ते ओळखलं आणि उलट एक खेळ रचून हिंदुस्थानात पाठवला. तो खेळ म्हणजे नर्द, बॅकगॅमनचा इराणी भाऊबंद. या कथेत पट म्हणजे पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस, पांढऱ्या म्हणजे दिवस आणि काळ्या म्हणजे रात्र, फासा फिरतो तो आकाशातल्या ग्रहगोलांसारखा. कथा कथाच आहे, तिला जन्मदाखला समजू नये. पण तिच्यामागचा विचार महत्त्वाचा. बुद्धिबळात सगळं खेळाडूच्या हातात. नर्दमध्ये वरून काहीतरी येतं आणि त्यात माणसानं आपली वाट काढायची.

हाच विचार आणखी नेमकेपणानं मांडला स्पेनमध्ये. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो यानं खेळांवर एक मोठा सचित्र ग्रंथ करवून घेतला. तो १२८३मध्ये सेव्हिल इथे पुरा झाला. त्याच्या सुरुवातीला पुन्हा एक हिंदुस्थानचा राजा येतो आणि त्याच्यापुढे तीन शहाणे. एक म्हणतो, बुद्धी श्रेष्ठ. पुरावा म्हणून तो बुद्धिबळ आणतो. दुसरा म्हणतो, नशीब श्रेष्ठ; तो फासे आणतो. तिसरा म्हणतो, दोन्ही लागतात. आणि तो पट, सोंगट्या आणि फासे असं सगळंच घेऊन येतो. म्हणजे आपला खेळ. त्याचं म्हणणं असं की फासे वाईट पडले तरी शहाणा खेळाडू सोंगट्या अशा चालवील की नुकसान कमी व्हावं.

हा तिसरा शहाणा आम्हाला फार आवडतो. त्यानं पहिल्यांदा निवडीकडे बोट दाखवलं. पण चांगली निवड ओळखायची कशी, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्यासाठी लागणारं गणित त्याच्या हाताशी नव्हतं.

ते गणित म्हणजे काय, तर साधी मोजणी. दोन फासे टाकले की ३६ शक्यता. सोळाव्या शतकात इटलीचा वैद्य आणि गणिती कार्दानो यानं त्यावर लिहिलं; ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३मध्ये, छापलं गेलं. मग १७४३मध्ये लंडनमध्ये एडमंड हॉइल या गृहस्थाचं बॅकगॅमनवरचं छोटं पुस्तक आलं. हॉइल हा पत्त्यांचे खेळ शिकवून पोट भरणारा माणूस. त्यानं या पुस्तकात ३६ शक्यतांचा तक्ता दिला आणि आपली सोंगटी मारली जाण्याची शक्यता कशी काढायची ते शिकवलं.

आपणही काढून बघू, कारण पुढे लागणार आहे. समजा आपली उघडी सोंगटी शत्रूच्या सोंगटीपासून चार घरांवर आहे. कोणत्याही एका फाशावर चार पडले की ती मेली. अशा शक्यता ११. शिवाय तीन आणि एक मिळून चार, हे दोन तऱ्हांनी पडतं. दोन-दोन पडले तरी चार होतात. एक-एक पडले तर या खेळात जोडीचं दान दुप्पट खेळतात, म्हणजे चार वेळा एक, तेही चारच. ११ अधिक २ अधिक १ अधिक १, झाले १५. छत्तीसात पंधरा. सहा घरांवर असती तर १७. सात घरांवर गेली की एका फाशानं मरत नाही, दोन्ही फासे जुळून यावे लागतात, आणि आकडा एकदम सहावर उतरतो. म्हणून जुन्या खेळाडूंचा दंडक: उघडं राहायचंच असेल तर सात घरांपलीकडे राहा, नाहीतर अगदी जवळ राहा.

हॉइलच्या तक्त्यानं धाडसाला पहिल्यांदा आकडा दिला. हे मोठंच काम होतं. पण या आकड्यात अर्धीच गोष्ट आहे. सोंगटी किती वेळा मरेल ते तो सांगतो, मेली तर किती महागात पडेल ते सांगत नाही. रस्ता ओलांडताना गाडी येण्याची शक्यता किती, हे कळलं. पण येणारी गाडी सायकल आहे की ट्रक, हे कळलं नाही.

किंमत मोजण्याकडे लक्ष गेलं ते विसाव्या शतकात, आणि तेही एका लहानशा ठोकळ्यामुळे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये कुणीतरी बोली दुप्पट करण्याची पद्धत आणली. शोध लावणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं नाही. ठोकळ्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ हे आकडे. आपली बाजू वरचढ वाटली की आपल्या पाळीला, फासे टाकण्याआधी, ठोकळा समोरच्यापुढे सरकवायचा: बोली दुप्पट, घेतोस की डाव सोडतोस? १९३१मध्ये न्यूयॉर्कच्या रॅकेट अँड टेनिस क्लबनं नियम ठरवून दिले तेव्हा ही पद्धत त्यात होती.

आता समोरच्यानं काय करावं? डाव सोडला तर एक गुण गेला, नक्की. घेतला तर दोन गुण जातील किंवा दोन मिळतील. साधा हिशेब केला तर असं निघतं की जिंकण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के, असली तरी घेणं आणि सोडणं सारखंच पडतं. त्याहून जास्त असेल तर घ्यावं. या एका आकड्यानं खेळाडूंना सवय लावली: डाव कुणाचा वरचढ, एवढं म्हणून भागत नाही, किती वरचढ, ते बोला. आणि एकदा प्रत्येक मांडणीला किंमत असते हे मान्य झालं, की प्रत्येक चालीलाही किंमत असते हे ओघानंच आलं.

१९६०च्या दशकात खेळाला नवा बहर आला. प्रिन्स अलेक्सिस ओबोलेन्स्की नावाच्या रशियन वंशाच्या गृहस्थानं बहामा बेटांवर मोठ्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. पैसा आला, वर्तमानपत्रं आली, आणि खेळाचा मन लावून अभ्यास करणारी तरुण मंडळी आली. त्यांतला आपल्या विषयाचा माणूस म्हणजे पॉल मॅग्रिएल.

मॅग्रिएल गणिताचा अध्यापक. त्याचं टोपणनाव ‘एक्स-२२’. त्याची कथा अशी की त्यानं घरी एकट्यानंच ६४ काल्पनिक खेळाडूंची स्पर्धा खेळली, त्यांना एक्स-१ ते एक्स-६४ अशी नावं दिली, आणि त्यात एक्स-२२ जिंकला. १९७६मध्ये त्याचं ‘बॅकगॅमन’ हे पुस्तक आलं. धाडसी चाल की सावध चाल, या प्रश्नाला त्यात स्वतंत्र जागा आहे. त्याआधी हा प्रश्न स्वभावाचा समजला जाई. अमका निधड्या छातीचा, तमका जपून खेळणारा. मॅग्रिएलनं खेळाडूच्या स्वभावावरून नजर उचलली आणि पटावर ठेवली. त्याचे निकष आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

पहिला प्रश्न: समोरच्याचा आतला पट किती मजबूत आहे? मेलेली सोंगटी तिथूनच परत यायची असते. तिथे त्याचं एकच घर बांधलेलं असेल, तर ३६ पैकी ३५ वेळा आपण एका दानात आत येतो. तीन घरं बांधलेली असतील तर २७ वेळा. चार असतील तर २०. पाच असतील तर फक्त ११. तेव्हा त्याचा पट मोकळा असेल तोवर धाडस करा, तो भरला की जपून खेळा.

दुसरा प्रश्न: समोरच्याच्या आतल्या पटात आपली एखादी जोडी बसलेली आहे का? खेळाडू तिला ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे नांगर. तो टाकलेला असेल तर मेलेल्या सोंगटीला उतरायला एक हक्काचं घर असतं. नांगर असेल तर धाडस परवडतं.

तिसरा प्रश्न: आपल्या किती सोंगट्या आधीच मागे पडलेल्या आहेत? ज्याच्या चार सोंगट्या मागे आहेत त्याची पाचवी गेली तर फारसं बिघडत नाही. ज्याच्या सगळ्या पुढे निघून आल्यात, त्याची एक मेली तर जिंकत आलेला डाव हातचा जातो. म्हणजे हरत असलेल्यानं धाडस करावं आणि जिंकत असलेल्यानं जपावं. आता अनुभव आठवून बघा. सारीपाटाचा असो की आणखी कशाचा. बहुतेक माणसं नेमकं उलट वागतात. पुढे असताना अंगात वारं शिरतं आणि मागे असताना हात आखडतो.

या प्रश्नांमधून आणखी एक गोष्ट निघते, ती आमच्या मते सगळ्यांत उपयोगाची. सावध चाल धोका नाहीसा करते असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती धोका फक्त पुढे ढकलते. मागे अडकलेल्या सोंगट्या आज ना उद्या बाहेर काढाव्याच लागतात. आज समोरच्याचा पट मोकळा आहे, उद्या तो भरेल. धोका तोच, पण आज तो स्वस्तात घेता येतो आणि उद्या महागात. एखाद्यानं चार दानं नुसती जपून खेळून काढली आणि पाचव्या दानाला झेनोसारख्या त्याच्या सगळ्या जोड्या एकदम फुटल्या, तर दोष पाचव्या दानाचा म्हणायचा की आधीच्या चार चालींचा?

आता तुम्ही म्हणाल, हे निकष बरोबर आहेत हे कशावरून? मॅग्रिएल म्हणतो म्हणून? शंका रास्त आहे. बुद्धिबळात चूक केली की समोरचा शिक्षा करतो. इथे चुकीची चाल करूनही माणूस जिंकतो आणि बरोबर चाल करूनही हरतो. एका डावावरून काहीच सिद्ध होत नाही. याचा सगळ्यांत गाजलेला दाखला १९७९मध्ये घडला.

हान्स बर्लिनर हा अमेरिकेतला संगणकशास्त्रज्ञ, पत्रानं खेळायच्या बुद्धिबळातला माजी जगज्जेता. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यानं ‘बीकेजी ९.८’ नावाचा बॅकगॅमन खेळणारा प्रोग्राम बनवला. जुलै १९७९मध्ये माँटे कार्लोला जगज्जेतेपद नुकतंच मिळवलेला इटलीचा लुइजी व्हिला त्याच्याशी खेळायला बसला. सामना सात गुणांचा. निकाल ७-१, प्रोग्रामच्या बाजूनं. मान्यता असलेल्या पटावरच्या खेळात जगज्जेत्याला संगणकानं हरवण्याची ही पहिली वेळ. जगभर बातम्या झाल्या.

पुढे जे झालं ते आमच्या दृष्टीनं त्या निकालापेक्षा मोठं आहे. बर्लिनरनं सामना पुन्हा चाल-चाल तपासला. १९८०मध्ये त्यानं लेख लिहून सांगितलं की व्हिला जास्त चांगला खेळला होता. आपल्या प्रोग्रामला फासे चांगले पडले. जिंकलेल्या पक्षानं स्वतः हे छापून सांगितलं. अगाथियासच्या कवितेपासून आपण किती लांब आलो बघा. तिथे फक्त दान उरलं होतं. इथे प्रत्येक चाल नोंदलेली होती, म्हणून कोण जिंकलं आणि कोण चांगलं खेळलं या दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देता आली.

तरीही एक अडचण उरलीच होती. चाल चांगली की वाईट, हे ठरवणार कोण? तर तज्ज्ञ. आणि तज्ज्ञच चुकत असतील तर?

इथे आपण शेवटच्या मुक्कामाला येतो. डावाचं पहिलंच दान दोन आणि एक पडलंय असं समजा. दोनची चाल ठरलेली: मधल्या गठ्ठ्यातली एक सोंगटी दोन घरं खाली आणायची. वाद एकच्या चालीचा. १९७०-८०च्या दशकांत जाणकार खेळाडू आपल्या सहाव्या घरातली एक सोंगटी पाचव्या घरात उघडी टाकत. कारण आतल्या पटातलं पाचवं घर हे मोक्याचं. समोरच्यानं मारलं नाही तर पुढच्या दानाला ते बांधून टाकायचं. धोका किती? शत्रूच्या मागच्या सोंगट्या तिथून बरोबर चार घरांवर. म्हणजे मघाचा आकडा, छत्तीसात पंधरा. मेली तर २० घरांची वाटचाल वाया. एका दानाला सरासरी आठ घरं चाल होते, तेव्हा ही जवळजवळ अडीच दानांची कमाई. पण सुरुवातीला समोरच्याच्या आतल्या पटात एकच घर बांधलेलं असतं, परत येणं सोपं. मॅग्रिएलचा पहिला निकष लावला तर धाडस योग्य. एक नि दोन, एक नि चार, एक नि पाच या तिन्ही दानांना हीच रीत होती.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जेरल्ड टेसॉरो यानं ‘टीडी-गॅमन’ नावाचा प्रोग्राम केला. त्याला तज्ज्ञांचे डाव शिकवले नाहीत. तो स्वतःशीच खेळला. सुरुवातीला अक्षरशः वाटेल त्या चाली करत, आणि प्रत्येक डावाच्या शेवटावरून मागच्या मांडण्यांची किंमत सुधारत. पहिल्या आवृत्तीचे असे तीन लाख डाव झाले, पुढच्या एका आवृत्तीचे पंधरा लाख. पहिल्या काही हजार डावांत तो तीन गोष्टी शिकला: शत्रूची सोंगटी मारणं, आपली झाकून ठेवणं, नवी घरं बांधणं. म्हणजे सावधपणा हा प्राथमिक शाळेतला धडा ठरला. कुठे सावध राहू नये, हे कळायला आणखी हजारो डाव लागले.

दोनदा जगज्जेता झालेल्या बिल रॉबर्टीशी त्याची सुधारलेली आवृत्ती ४० डाव खेळली आणि केवळ एका गुणानं मागे राहिली. म्हणजे त्याच्या मताला वजन होतं. आणि त्याचं मत पडलं की ती रीत चुकीची. पाचव्या घरात उघडी सोंगटी टाकू नका. त्याऐवजी शत्रूच्या पटात अडकलेल्या दोन सोंगट्यांपैकी एक एक घर पुढे सरकवा.

या ठिकाणी थोडं थांबून उघड्या सोंगट्या मोजा. जुन्या धाडसी चालीनंतर आपल्या दोन सोंगट्या उघड्या राहतात. प्रोग्रामच्या चालीनंतर तीन. मग सावध चाल कोणती? संख्या बघितली तर जुनी. पण मागे सरकवलेल्या त्या सोंगट्या मेल्या तर एक किंवा दोन घरांचं नुकसान. पाचव्या घरातली मेली तर वीस. शिवाय सरकवलेली सोंगटी शत्रूला त्याच्या अंगणात सुखानं घरं बांधू देत नाही आणि नांगर टाकायची वाट मोकळी करते. उघडी सोंगटी दिसली की धाडस, झाकलेली दिसली की सावधपणा, ही आपली नजरच मुळात कच्ची होती.

खेळाडूंनी हे मुकाट्यानं मानलं नाही. त्यांनी तीच मांडणी पुन्हा पुन्हा मांडून शेकडो वेळा खेळून बघितली, पुढे संगणकावर हजारो वेळा. चार-एक आणि पाच-एक या दानांना प्रोग्राम बरोबर ठरला आणि पिढ्यानपिढ्यांची रीत काही वर्षांत मागे पडली. दोन-एक या दानाला मात्र पुढच्या जास्त ताकदीच्या प्रोग्रामांनी सांगितलं की दोन्ही चाली जवळजवळ सारख्या आहेत. आणि सामन्यात दुप्पट गुणांनी जिंकणं आपल्याला विशेष फायद्याचं असेल, तर जुनी धाडसी चालच बरी. जुने लोक वेडे नव्हते. त्यांनी सोंगटी परत येणं किती सोपं आहे ते बरोबर मोजलं होतं. वाया जाणाऱ्या वीस घरांची किंमत थोडी कमी धरली होती. फरक एवढासाच. पण एका डावात, दहा डावांत, एखाद्या खेळाडूच्या अख्ख्या हयातीतसुद्धा तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता. फाशांच्या गोंगाटात तो बुडून जात होता.

मग आता खेळाडूला करायला काय उरलं? आज डाव संपला की प्रोग्रामपुढे ठेवायचा, तो प्रत्येक चालीची चूक आकड्यात काढून देतो. धाडसी खेळाडू आणि सावध खेळाडू अशा जुन्या जाती आता पुसट होत चालल्या आहेत, याची कुणाला हळहळ वाटत असेल तर ती आम्ही समजू शकतो. एक रंग गेला खरा. पण स्पर्धेत पटाशी बसल्यावर प्रोग्राम शेजारी नसतो. समोर घड्याळ असतं, मागच्या दानाचा राग असतो, हरण्याची भीती असते. त्या वेळी विचारायचे प्रश्न तेच आहेत. मेलो तर परत येणं किती सोपं? उतरायला हक्काचं घर आहे का? माझ्याकडे गमावण्यासारखं काय आहे? आणि आज जपलं तर उद्या किती द्यावं लागेल?

या प्रश्नांची उत्तरं नीट देऊनही पंधरा वेळा सोंगटी मरणारच आहे. व्हिला चांगला खेळला आणि ७-१नं हरला. त्याची ती हार कुणी पुसून टाकू शकत नाही; पण त्याच्या चाली लिहिलेल्या होत्या म्हणून त्याला न्याय देता आला. झेनोच्या वाट्याला तेही आलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी हा खेळ खेळत असतील, किंवा आता मुलांना सारीपाट मांडून देणार असतील, त्यांना आमची एवढीच सूचना. पुढच्या वेळी एखादी अवघड निवड आली की फासे पुढे टाकण्याआधी ती मांडणी कागदावर उतरवून ठेवा, आणि आपण काय निवडलं नि का, ते दोन ओळींत लिहा. निकाल नंतर आठवेलच, तो कुणी विसरत नाही. कागद दुसऱ्या दिवशी उघडून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.